दिवसभराचे तू

शाळेच्या फाटकाखाली जमिनीत लोखंडाची एक पट्टी बसवलेली होती. फाटकाची चाकं सरकायला, दुसरं काही नाही. पण विज्ञानाच्या बाई आणि त्यांची लेक यांच्या लेखी ती सरहद्द होती. पट्टीच्या आत लेकीनं आईला 'बाई' म्हणायचं आणि आईनं लेकीला 'तुम्ही'. पट्टीबाहेर पाऊल पडलं की मग खुशाल अगं-तुगं. आपणही गोष्ट सांगताना तोच नियम पाळू. आत असतील तेव्हा त्या बाई, बाहेर असेल तेव्हा ती आई. म्हणजे घोटाळा व्हायला नको, आणि शाळेचा मानही राहील.

मानपानावर, म्हणजे त्यांच्या भाषेत आदरावर, या शाळेचा भारी जीव. इथे कुणी कुणाला अरे-तुरे करत नसे. पाचवीतल्या शेंबड्या पोरालाही शिक्षक विचारणार, "तुम्ही शेजाऱ्याचा दंड का चावलात?" आणि पोरगं नाक ओढत सांगणार, "त्यांनीच आधी चिमटा काढला, सर." नव्या माणसाला हे ऐकून हसू फुटायचं, मग काही दिवसांनी कौतुक वाटायचं, आणि वर्षभरानं काहीच वाटेनासं व्हायचं. मारणं नव्हतं, ओरडणं नव्हतं. 'शिक्षा' हा शब्दच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शाळेतून हद्दपार केला होता. त्याच्याऐवजी 'चिंतन' आणलं होतं. जिन्याखाली, सगळी शाळा येता-जाता बघेल अशा जागी, एक टेबल आणि एक खुर्ची होती, भिंतीकडे तोंड करून. "तुम्ही जरा चिंतनाला बसता का?" असं मोठ्या बाई मधाळ आवाजात विचारायच्या, आणि विचारलेल्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडायचा. 'नाही बसत' असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नव्हतं.

लेकीला घरात गुंडी म्हणत. रांगत होती तेव्हा तिनं बापाच्या सदऱ्याची गुंडी गिळली होती, म्हणून. मोठी झाल्यावर त्या नावाचा दुसरा अर्थही निघायला लागला, आणि तिला तोच जास्त आवडायचा. पाचवीत तिला याच शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी आपल्या आईच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून तिनं प्रयोगशाळेच्या दारात भोकाड पसरलं. बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. आजूबाजूला शिक्षक होते. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "सवय लागली की सोपं जातं."

त्या संध्याकाळी पट्टी ओलांडल्याबरोबर गुंडीनं आईचा हात धरला आणि सुरू केलं, "तू, तू, तू, तू, तू." कोपऱ्यावरच्या छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापर्यंत ती थांबलीच नाही.

"हे काय गं?" आईनं विचारलं.

"दिवसभराचे तू," गुंडी म्हणाली. "साठलेले."

तेव्हापासून तो रिवाजच पडून गेला. पुढे पोरगी वाढली, रस्त्यात लाजायला लागली, मग त्या माळेचा एकच मणी उरला. "तू आज वर्गात केवढ्यानं शिंकलीस गं," असा तो वाक्यात दडून यायचा. पण यायचाच. आई दिवसभर सांगाडे आणि परीक्षानळ्या सांभाळून दमलेली असायची, आणि त्या एका शब्दानं तिचा शीण जायचा. तिनं हे कुणाला कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या थोड्याच असतात?

मग गुंडी नववीत असताना तो 'तू' बंद पडला.

झालं होतं असं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी मोठ्या बाईंचा एक विचार लिहिला जाई, आणि त्या आठवड्यात लिहायचं काम गुंडीकडे होतं. त्या दिवशीचा विचार होता, 'आपले शब्द हीच आपली ओळख.' मधल्या सुट्टीनंतर त्याच्याखाली कुणीतरी लिहिलेलं सापडलं, 'मग तू आम्हाला घाबरवतेस कशाला?'

शाळा मुळापासून हादरली. घाबरवण्यामुळे नव्हे, 'तू'मुळे. मोठ्या बाईंना कुणीतरी 'तू' म्हटलं होतं, तेही लेखी, तेही दर्शनी भिंतीवर! खडू गुंडीच्या ताब्यात होता, तेव्हा बोट तिच्याकडे वळलं. मोठ्या बाईंच्या खोलीत चौकशी बसली, आणि नववीच्या वर्गशिक्षिका म्हणून प्रश्न विचारायला कोण, तर आपल्या विज्ञानाच्या बाई.

बाईंना तो फळा बघताक्षणीच कळून चुकलं होतं. त्यांची लेक डावरी होती. डावऱ्या माणसाचा हात नुकत्या लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो, त्यामुळे गुंडीनं फळ्यावर काहीही लिहिलं की त्यावर खडूचा फराटा उठायचाच. मोठ्या बाईंच्या विचारावर तो फराटा होता. खालची ओळ मात्र लखलखीत होती, एक कानाही फिसकटलेला नव्हता. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला आणखी कोणता पुरावा हवा होता? पण बाईंच्या मनात आलं, हे मी बोलले तर सगळे म्हणतील, पोटच्या पोरीची बाजू घेतली. दुसरं कुणीतरी बोलेल, मग मी दुजोरा देईन. दुसरं कुणी कशाला बोलतंय! सगळे मूग गिळून बसले होते.

"तुम्ही लिहिलंत का हे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

गुंडीनं मान वर केली. "आई, तुला माहितीये मी नाही लिहिलं."

मोठ्या बाई हसल्या. "तुला नाही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "तुम्हाला."

खोलीतले सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते तुम्हा-आम्हाला घरी बसून झटकन सुचतं. बाईंना ते सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "इथे मी आई नाही. तुम्ही नीट बोला."

त्यावर गुंडी एक अक्षर बोलली नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली असं ठरलं, आणि तिला आठवडाभर चिंतनाला बसवलं. वर्गावर जाताना-येताना बाईंना जिन्याखाली तिची पाठ दिसायची. डाव्या हाताची करंगळी टेबलाच्या कडेवरून फिरत असायची. शिक्षकांच्या खोलीत बाईंचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणून म्हणायचे, काय निष्ठा! स्वतःच्या मुलीसमोरसुद्धा जीभ घसरली नाही. बाईंना ते ऐकून बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. उगाच कशाला लपवायचं? चौकशी झाली ती 'तू'ची. 'घाबरवतेस'ची चौकशी करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

घरी आल्यावर गुंडीनं आदळआपट केली असती तर आईनं ती आनंदानं सोसली असती. पण तिनं आवाजही चढवला नाही. ती बोलायची, नीट बोलायची, फक्त तिच्या बोलण्यातून आईला वगळलेलं असायचं. "किल्ली कुठेय?" "उद्या लवकर निघायचंय." "मीठ कमी पडलंय." तू नाही, तुम्ही नाही, आई नाही, बाई नाही. आपल्या भाषेत असं माणूस टाळून किती दिवस बोलता येतं याची आईला कल्पना नव्हती. येतं. वाटेल तितके दिवस येतं. "पंखा बंद केला तर चालेल का?" कुणाला चालेल, ते जणू पंख्यालाच विचारलेलं. बाप छापखान्यात कामाला, त्याच्या ते लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हा तो जेवता जेवता थांबून म्हणाला, "तू तिची आई आहेस की फिर्यादी?"

"शाळेतलं शाळेतच कळतं," आई म्हणाली, आणि ताटं उचलायला उठली. त्याचं ताट अजून अर्धं भरलेलं होतं.

रोज संध्याकाळी पट्टी ओलांडताना आईचे कान टवकारलेले असायचे. एक 'तू' यावा, बस. गोड नको, रागाचा चालेल. 'तू दुष्ट आहेस' असा आला असता तरी तिचा जीव भांड्यात पडला असता. पण छत्रीवाल्याचं दुकान यायचं आणि जायचं, आणि शेजारून चालणारी मुलगी म्हणायची, "आज फार गार आहे."

अशातच शाळेचा परिचय-दिवस आला. पुढच्या वर्षी ज्यांना मूल घालायचंय अशा पालकांना शाळा दाखवायची, शाळेची मूल्यं समजावून सांगायची, असा तो दिवस. आधी आठवडाभर धांदल. सांगाड्याची धूळ पुसली, त्याचा लोंबता जबडा तारेनं आवळला. मुलांच्या स्वच्छतागृहात साबणाच्या वड्या आल्या. संध्याकाळी त्या मोजून परत कपाटात जायच्या होत्या. आणि जिन्याखालचं टेबल-खुर्ची उचलून मागच्या अडगळीत नेली, आणि जिन्याखाली त्यांच्या जागी पितळी कुंडीत हिरवंगार झाड ठेवलं. भिंतीवर मात्र खुर्चीत बसणाऱ्यांच्या गुडघ्यांनी पडलेले डाग तसेच राहिले. झाडाची पानं तिथपर्यंत पोचत नव्हती.

त्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून घेतलं. "आज आदर या मूल्यावर तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. "फळ्याचा तो प्रसंगच सांगा. पालकांच्या काळजाला हात घालेल." मग कागद सारखे करता करता, "त्यांनाही स्वागताला ठेवलंय, पाणी द्यायला. तुमचं बोलून झालं की मी त्यांना पुढे बोलावीन."

'त्यांना' म्हणजे गुंडीला.

बाई 'बरं' म्हणाल्या. पण जिना उतरता उतरता त्यांच्या मनात निराळंच काही उभं राहिलं. सांगते की, त्या स्वतःशी म्हणाल्या. सगळं सांगते. फराट्यासकट सांगते. तिनं ते लिहिलं नव्हतं, मला ते माहीत होतं, आणि मी भ्याले, हे एवढ्या माणसांसमोर, तिच्या कानांवर पडेल असं सांगते. आणि शेवटी तिला 'तू' म्हणते, इथेच, पट्टीच्या आत. मग नोकरी गेली तर गेली खड्ड्यात. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी आरशाच्या तुकड्यात केस नीट केले. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

सभागृह खच्चून भरलं. पालक म्हणून आलेली माणसं नेहमी असतात तशीच होती: इस्त्रीचे कपडे, अवघडून बसणं, आणि आपलं पोरगं इथे खपेल का ही धाकधूक. मोठ्या बाई आधी बोलल्या. "आमच्याकडे भीती नाही, आदर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शिक्षा नाही, चिंतन आहे." पुढच्या रांगेतला एक बाप माना डोलवत होता, घरी पोराला पट्ट्यानं बडवणारे अशा वेळी हमखास माना डोलवतात. गुंडी मागच्या दारापाशी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. केस चापून बसवलेले, गणवेशाला कडक इस्त्री. तिनं व्यासपीठाकडे बघितलं नाही.

मग बाई उभ्या राहिल्या, आणि इथेच घात झाला. बाईंना बोलता फार छान यायचं. छान बोलता येणं हे एक दुखणंच असतं. ज्याला असतं त्याला ते कुठे ओढत नेईल याचा नेम नाही. सुरुवात त्यांनी हलक्या हातानं केली. पाचवीतल्या दंड चावणाऱ्याचा किस्सा सांगितला, सभागृह खदखदून हसलं. पहिल्या दिवशी भोकाड पसरणाऱ्या आपल्या लेकीचं सांगितलं, लोक हळहळले. मग फळा आला. बाईंनी आवाज खाली आणला तशी सभागृहातली चुळबुळ थांबली. 'मग तू आम्हाला घाबरवतेस कशाला' हे त्यांनी असं उच्चारलं की दोन-तीन बायकांनी तोंडावर हात नेला. आणि लेकीचं वाक्य आलं तेव्हा बाईंनी, काय म्हणावं, लेकीचा आवाज काढला. "आई, तुला माहितीये..." हुबेहूब. जरासा चिरका, शेवटी अडखळणारा. सभागृहात कुणीतरी डोळे पुसले.

"आणि मी म्हणाले," बाई म्हणाल्या, "इथे मी आई नाही."

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं. पण टाळ्या पडल्या. अशा पडल्या की थांबेनात. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली, मोठ्या बाई उभ्या राहिल्या, तो माना डोलवणारा बाप तर आधीच उभा होता. बाई हसत, मान लववत टाळ्या संपायची वाट बघत राहिल्या, आणि वाट बघता बघता त्यांना त्या टाळ्या आवडल्या. टाळ्या संपल्या तेव्हा गोष्ट संपलेली होती. आता त्याच्यापुढे फराट्याचं शेपूट कसं जोडायचं?

तरीही दैवानं त्यांना आणखी एक संधी दिली. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. मघाशी शाळा बघताना त्यांनी आपण वकील असल्याचं सांगितलं होतं. "छान बोललात," त्या म्हणाल्या. "पण एक राहिलं. ते तुमच्या मुलीनं लिहिलं होतं का?"

मागच्या दारापाशी ट्रेमधले ग्लास एकदा किणकिणले. गुंडीनं मान वर करून थेट बाईंकडे बघितलं. चौकशीच्या दिवसानंतर पहिल्यांदा. त्या नजरेत राग नव्हता; ती नुसती वाट बघत होती, पाचवीत पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून बघितली होती तशी.

'नाही' हा एवढासा शब्द. पण बाईंना समोर फक्त चेहरे दिसले, नुकतेच टाळ्या वाजवून ऊब आलेले चेहरे. 'नाही' म्हटलं, तर या सगळ्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या? मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या, मधाळ हसत होत्या. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"त्यांनी," बाई म्हणाल्या, "त्यांनी ते मोठ्या मनानं स्वीकारलं."

पुन्हा टाळ्या. वकीलबाई खाली बसल्या. शेजारच्या आपल्या मुलीचा हात त्यांनी हातात घेतला.

"या ना तुम्ही, पुढे या," मोठ्या बाई गुंडीला म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय पालकांना?"

गुंडी दोन रांगांमधून चालत आली. एक थेंब न सांडता ट्रे टेबलावर ठेवला, त्यातला एक ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे धरला.

"बाई, तुमचा घसा सुकला असेल," ती म्हणाली. "तुम्ही पाणी घ्या."

सभागृह विरघळलं. "किती गोड!" कुणीतरी म्हणालं. "हे संस्कार!" दुसरं कुणी. बाईंनी ग्लास घेतला. इतक्या दिवसांनी लेकीनं त्यांना उद्देशून शब्द उच्चारला होता. सगळे बघत होते, म्हणून त्या पाणी शेवटपर्यंत प्यायल्या.

संध्याकाळी पालक पांगले, साबण कपाटात गेला, झाड मोठ्या बाईंच्या खोलीत परतलं आणि जिन्याखाली टेबल-खुर्ची आली. दोघी फाटकापाशी आल्या. पट्टी ओलांडली आणि आई तिथेच थांबली.

"गुंडे," ती म्हणाली. "अगं, बाहेर आलो आपण. आता बोल. शिव्या घाल हवं तर. चार माणसांत घाल. पण 'तू' म्हण गं."

गुंडीनं पाठीवरचं दप्तर सारखं केलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता. एखाद्या पालकाशी बोलावं तितक्या अदबीनं ती म्हणाली, "राहू द्या. सवय लागली की सोपं जातं. तुम्हीच म्हणाला होतात."

"मी तसं..." आईचा हात पुढे झाला.

"तुम्ही व्हा पुढे. मला वाचनालयात जायचंय, यायला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. छत्रीवाल्यानं रोजच्यासारखी मान वर करून बघितलं आणि परत काडीला तार गुंडाळू लागला. बाई थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग बाई एकट्याच घराकडे निघाल्या.